घोडबंदर: बंदर गेलं, रस्ता उरला

ठाण्याचा घोडबंदर रोड म्हटलं की आधी ट्रॅफिक आठवतं. नावातला घोडा आणि बंदर कुणाच्या ध्यानात येत नाही. पोर्तुगीज काळात अरबांशी होणारा घोड्यांचा व्यापार उल्हास नदीकाठच्या या बंदरातून चाले, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. तिथला किल्ला १७३७मध्ये मराठ्यांनी घेतला. दोन वर्षांनी खाडीपलीकडची वसईही पडली.

पुढे १८४५मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला आणि मुंबई साष्टीला जोडली गेली. वांद्र्याहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यालाही लोक घोडबंदर रोडच म्हणत. आज तो एस. व्ही. रोड आहे. वाटा दोन, मुक्काम एकच.

ठाण्याकडची वाट राज्य महामार्ग ४२ झाली. मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली ही गावं टॉवरांच्या गर्दीत हरवली आणि बसस्टॉपच्या पाटीवर उरली. गायमुखला मात्र रस्त्याला सरकायलाही जागा नाही. एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी. गुजरातकडे निघालेले ट्रक आणि ऑफिस गाठणारी माणसं याच घाटात अडकतात. रस्ता रुंद करायचा तर जंगल तोडायचं की खाडी बुजवायची?

पुढच्या वेळी ठाण्याहून जाताना तिथे अडकलात, तर मोबाइलमधून मान वर काढून उजवीकडे बघा. या रस्त्याला नाव मिळालं ते त्या पाण्यामुळे.