पियानोरचनेचे काठिण्य : पदविका परीक्षेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

पियानोवादनाच्या पदविका परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यापुढे रोमँटिक कालखंडातील कोणती रचना निवडावी हा प्रश्न हटकून उभा राहतो. रॉयल अकॅडमी व रॉयल कॉलेज या लंडनमधील दोन संस्थांनी १८८९ साली संयुक्त परीक्षा मंडळ स्थापन केले. पुढे अशा परीक्षा मुंबई व गोवा येथेही रुजल्या. रचनांची श्रेणीवार विभागणी करण्याच्या या पद्धतीमुळे काठिण्य हा रचनेचा स्थिर गुण होय, असा समज दृढ झाला. इतिहासाच्या कसोटीस तो उतरत नाही, हे येथे दाखवावयाचे आहे.

लिस्टच्या बारा एट्यूड्सचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांचे पहिले रूप १८२६ साली, लिस्टच्या किशोरवयात, प्रसिद्ध झाले. ते बरेच साधे होते. १८३९ साली प्रसिद्ध झालेले दुसरे रूप इतके दुष्कर होते की, ते वाजवू शकणारे वादक जगात फार तर दहा-बारा असतील, असा अभिप्राय शूमानने दिला. १८५२ च्या तिसऱ्या रूपात लिस्टने स्वतःच अनेक ठिकाणी लेखन सुकर केले, बोटांचे अतिविस्तृत ताण काढून टाकले. आज सामान्यतः हेच रूप वाजविले जाते. सारांश, अधिक अवघड ते अधिक श्रेष्ठ, हे खुद्द लिस्टनेही मानले नाही.

वाद्याचाही विचार केला पाहिजे. पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच स्वर पुन्हा उमटविण्याची सोय एरारने १८२१ साली पेटंट केली. परंतु शोपँच्या आवडत्या प्लेयेल पियानोत त्या काळी ती नव्हती, आणि त्याच्या पट्ट्या हलक्या होत्या. १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या जी मायनर बॅलडचा वेगवान समारोप आजच्या जड पट्ट्यांवर वेगळेच श्रम मागतो. रचना तीच, काठिण्य मात्र तेच नव्हे.

याउलट ब्राम्सच्या ११८ क्रमांकाच्या संग्रहातील (१८९३) ए मेजर इंटरमेझो पाहावा. त्यातील स्वर बोटांस फारसे छळत नाहीत. परंतु आतील स्वरपंक्ती स्पष्ट ठेवून वरची धून गाती ठेवणे हे परिपक्व वादकाचेच काम होय. बॅलडच्या समारोपात अडखळलेला विद्यार्थी उघडा पडतो, तसाच इंटरमेझो निर्जीवपणे वाजविणाराही.

तेव्हा विद्यार्थ्याने यादीतील सर्वांत भयप्रद रचनेकडे धाव घेऊ नये आणि स्वर विरळ दिसतात म्हणून एखादीस सोपीही समजू नये. जिचे तांत्रिक प्रश्न परीक्षेच्या पुष्कळ आधी सुटतील आणि उरलेला काळ अर्थाच्या शोधास देता येईल, तीच रचना त्याच्या दृष्टीने योग्य काठिण्याची म्हणावी. श्रेणी मंडळ ठरवील; माप मात्र ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते.