विज्ञानाच्या शहरातील तत्त्वज्ञान: बेंगळुरूतील उच्च अभ्यासाचा इतिहास

बेंगळुरूत तत्त्वज्ञानाचा उच्च अभ्यास तीन वाटांनी आला. पहिली वाट वेदान्ताच्या पाठशाळांची, दुसरी ख्रिस्ती धर्मशिक्षणसंस्थांची आणि तिसरी विद्यापीठाची. एम.ए. आणि पीएच.डी. म्हटले की आज विद्यापीठच डोळ्यांसमोर येते. पण या शहरात ही तिसरी वाट सर्वांत उशिरा रुळली. त्याचे मूळ १९१६ साली म्हैसूर संस्थानात झालेल्या विद्याशाखांच्या वाटणीत आहे.

पाठशाळांची परंपरा या सर्वांहून जुनी. अद्वैताचे शृंगेरी, विशिष्टाद्वैताचे मेलुकोटे आणि द्वैताचे उडुपी ही वेदान्ताची तिन्ही मोठी पीठे कर्नाटकाच्याच भूमीवर आहेत. पाठशाळेतला विद्यार्थी काव्य, व्याकरण आणि तर्क या पायऱ्या चढून एखाद्या शास्त्राकडे वळे. मग गुरूपुढे बसून एकच ग्रंथ वर्षानुवर्षे वाचायचा, एकेक पंक्ती लावायची, पूर्वपक्ष आधी नीट मांडायचा आणि नंतरच सिद्धान्ताकडे यायचे, असा क्रम असे. कसोटी म्हणजे विद्वानांच्या सभेतला तोंडी वाद. विसाव्या शतकाच्या आरंभी शृंगेरी मठाने बेंगळुरूच्या शंकरपुरम भागात अशा प्रौढ अभ्यासासाठी पाठशाळा चालवली. पुढे शृंगेरीच्या पीठावर बसलेले चंद्रशेखर भारती १९१२ मध्ये संन्यास घेण्यापूर्वी मीमांसा आणि वेदान्त शिकण्यासाठी इथेच आले होते. म्हणजे विद्यापीठ येण्याआधीच शहरात तत्त्वज्ञानाचा पदव्युत्तर म्हणावा असा अभ्यास चालू होता. फक्त त्याला पदवी नव्हती आणि त्याची भाषा संस्कृत होती.

इंग्रजी उच्च शिक्षणाची सुरुवात १८५८ च्या सरकारी हायस्कुलापासून झाली. १८७५ मध्ये त्याचे नाव सेंट्रल कॉलेज झाले. हे कॉलेज मद्रास विद्यापीठाला जोडलेले असल्याने अभ्यासक्रम आणि परीक्षा मद्रासच्या होत्या. त्या काळच्या तत्त्वज्ञानात तर्कशास्त्र, नीतिशास्त्र आणि मानसशास्त्र एकत्र नांदत आणि भर युरोपीय ग्रंथकारांवर असे. भारतीय दर्शनांना तिथे दुय्यम जागा होती. सर्वपल्ली राधाकृष्णन हे याच मद्रास विद्यापीठाचे विद्यार्थी. एम.ए.साठी त्यांनी वेदान्तातील नीतिविचारावर प्रबंध लिहिला, तो काही अंशी वेदान्तात नीतीला स्थान नाही या आक्षेपाला उत्तर म्हणून.

२७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. नाल्वडी कृष्णराज वडियार महाराज आणि दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी उभे केलेले हे देशी संस्थानातील पहिले विद्यापीठ. सुरुवातीच्या रचनेत दोन कॉलेजांची कामे वाटून देण्यात आली: म्हैसूरच्या महाराजा कॉलेजकडे कला आणि बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजकडे विज्ञान. बेंगळुरूत टाटांच्या देणगीतून १९०९ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आधीच होती. त्यामुळे राजधानीच्या म्हैसुरात मानव्यविद्या आणि छावणी व कारखान्यांच्या बेंगळुरूत प्रयोगशाळा, अशी घडी बसली. तत्त्वज्ञान म्हैसूरला गेले. योगायोग असा की त्याच १९१६ साली खानदेशातल्या अमळनेरला प्रतापशेठ यांच्या देणगीतून तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. साने गुरुजी काही काळ तिथेच अभ्यासाला होते. एकीकडे संस्थानाचे विद्यापीठ आणि दुसरीकडे गिरणीमालकाचा आश्रय, असे दोन प्रयोग एकाच वर्षी सुरू झाले.

म्हैसूरचा विभाग थोड्याच काळात नावारूपाला आला. १९१८ ते १९२१ या काळात राधाकृष्णन महाराजा कॉलेजात शिकवत होते. रवींद्रनाथांच्या तत्त्वज्ञानावरचे त्यांचे पुस्तक १९१८ मध्ये आले. १९२१ मध्ये ते कलकत्त्याच्या अध्यासनावर गेले, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांची गाडी स्वतः ओढत स्थानकापर्यंत नेली ही आठवण अजून सांगितली जाते. संस्कृतचे प्राध्यापक एम. हिरियण्णा यांनी वर्गात दिलेल्या व्याख्यानांतून भारतीय तत्त्वज्ञानाची रूपरेषा मांडणारा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आजही एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या हाती असतो. आर्देशिर रतनजी वाडिया यांनी तत्त्वज्ञानाला समाजाच्या प्रश्नांशी जोडले. त्यांच्या सामाजिक तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमातून पुढे आलेले एम. एन. श्रीनिवास मुंबईला गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे गेले आणि समाजशास्त्रज्ञ झाले. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एन. ए. निकम पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशोकाच्या शिलालेखांचे त्यांनी रिचर्ड मॅकियन यांच्यासह केलेले इंग्रजी भाषांतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले.

कला आणि विज्ञान यांच्या या वाटणीमुळे कर्नाटकातील विद्यार्थ्याला तत्त्वज्ञानासाठी बेंगळुरूबाहेर जावे लागे. मराठी वाचकांना उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांतून परिचित असलेले कादंबरीकार एस. एल. भैरप्पा हे याचे ठळक उदाहरण. त्यांनी म्हैसूरला तत्त्वज्ञानात एम.ए. केले आणि सत्य व सौंदर्य यांच्या संबंधावरचा पीएच.डी.चा प्रबंध बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सादर केला. ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ लिहिणारा हा लेखक पेशाने तत्त्वज्ञानाचा अध्यापक होता.

बेंगळुरूत मात्र तत्त्वज्ञान वर्गाबाहेर जगत राहिले. बसवनगुडीत १९४५ मध्ये बी. पी. वाडिया यांनी जागतिक संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था काढली. कवी आणि पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या नावाने संस्था उभारली आणि तिथल्या अभ्यासवर्गांत सार्वजनिक जीवनाबरोबर गीतेचीही चर्चा केली. पुण्याच्या गोखल्यांचे नाव कन्नड वाचकांच्या तत्त्वचिंतनाशी असे जोडले गेले.

पदवीच्या दृष्टीने पोकळी भरली ती धर्मसंस्थांनी. कॅथलिक धर्मगुरू होणाऱ्याला ईशशास्त्राच्या आधी काही वर्षे तत्त्वज्ञान शिकावेच लागते. म्हणून जिथे धर्मशिक्षणसंस्था, तिथे तत्त्वज्ञानाचा नियमित वर्ग असतो. केरळात सुरू झालेली धर्माराम ही संस्था १९५७ मध्ये बेंगळुरूत आली. थॉमस अक्विनसच्या जोडीने शंकर आणि रामानुज यांचाही अभ्यास तिथे होऊ लागला. धर्मांच्या तौलनिक अभ्यासाला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक तिथून १९७५ पासून निघते. प्रोटेस्टंट पंथीयांचे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज तर १९१० पासूनच शहरात होते. द्वैत परंपरेतील पेजावर मठाचे विश्वेशतीर्थ स्वामी यांनीही १९५६ मध्ये शहरात पूर्णप्रज्ञ विद्यापीठ काढले. जयतीर्थांची ‘न्यायसुधा’ हा तिथल्या अभ्यासाचा कळस आहे. हा ग्रंथ संपला की ‘सुधामंगल’ हा सोहळा होतो आणि विद्यार्थी विद्वानांपुढे परीक्षेला उभे राहतात. परंपरेनुसार जयतीर्थ मूळचे मंगळवेढ्याचे. चोखोबा आणि दामाजीपंतांमुळे मराठी मनात घर केलेल्या या गावाचा बेंगळुरूशी असाही एक धागा आहे.

१९६४ मध्ये म्हैसूर विद्यापीठातून बेंगळुरू विद्यापीठ वेगळे झाले. आता शहराला स्वतःचे पूर्ण विद्यापीठ मिळाले आणि १९१६ ची वाटणी कागदोपत्री संपली. सांगलीचे विलिंग्डन आणि कोल्हापूरचे राजाराम या कॉलेजांचे प्राचार्य राहिलेले कन्नड कवी वि. कृ. गोकाक हे त्याच्या सुरुवातीच्या कुलगुरूंपैकी एक. विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा पदव्युत्तर विभाग उभा राहिला: दोन वर्षांचे एम.ए., त्यात भारतीय व पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र, आणि पुढे मार्गदर्शकाच्या हाताखाली पीएच.डी. पण आसपासचे वातावरण विज्ञानाचेच राहिले. १९७२ ते १९७७ या काळातील कुलगुरू एच. नरसिंहय्या हे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९७६ मध्ये त्यांनी चमत्कारांची आणि अंधश्रद्धांची तपासणी करणारी समिती विद्यापीठातर्फे नेमली. श्रद्धेचा दावा पुराव्याने तपासता येतो का, हा ज्ञानमीमांसेतला जुना प्रश्न त्यामुळे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला.

विज्ञान आणि तत्त्वज्ञान यांची ही जवळीक १९८८ मध्ये संस्थारूप झाली. जे. आर. डी. टाटा यांच्या कल्पनेतून भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा. म्हैसूरला आर्देशिर वाडियांच्या वर्गात घडलेले एम. एन. श्रीनिवास आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत इथेच काम करत होते. भौतिकशास्त्राकडून तत्त्वज्ञानाकडे आलेले सुंदर सरुक्कई यांनी इथे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास भारतीय तर्कपरंपरेशी जोडला. पुढे महाराष्ट्रातून आलेले राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू आणि सरुक्कई यांनी मिळून दलित अनुभव आणि सिद्धान्त यांच्या नात्यावर ‘द क्रॅक्ड मिरर’ हा ग्रंथ लिहिला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभव ज्याचा, त्याच्याविषयी सिद्धान्त मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यातला वाद भारतीय समाजविज्ञानात मोठा ठरला. उलट दिशेची वाटही चालू होती. बेंगळुरूतच शिकलेले एस. एन. बालगंगाधर १९७७ मध्ये बेल्जियममधील गेंटला गेले आणि तिथेच तत्त्वज्ञानात पीएच.डी. करून अध्यापक झाले.

गेल्या काही वर्षांत पदवीचा मार्ग बदलला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केले. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला एम.ए. न करताही पीएच.डी.चा अर्ज करता येतो. पीएच.डी.साठी किमान तीन आणि साधारण सहा वर्षांपर्यंतची मुदत असते. अध्यापनासाठी साधारणपणे राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा लागते आणि भारतीय तत्त्वज्ञान अनुसंधान परिषद संशोधनासाठी शिष्यवृत्त्या देते. बेंगळुरू विद्यापीठाचेही २०१७ मध्ये तीन भाग झाले.

तिन्ही वाटा अजून वाहत्या आहेत. पाठशाळेतला विद्यार्थी संस्कृतात पंक्ती लावतो, धर्मशिक्षणसंस्थेतला लॅटिन परंपरेतून आलेले प्रश्न इंग्रजीत सोडवतो आणि विद्यापीठातला प्रबंध लिहितो. या तिघांची पदवी, भाषा आणि कसोटी वेगळी आहे, आणि एकाची विद्या दुसऱ्याच्या परीक्षेत फारशी मोजली जात नाही. ज्या सेंट्रल कॉलेजला १९१६ मध्ये विज्ञान मिळाले, त्याच्या आवारातून आज विभाजनानंतर निर्माण झालेल्या शहर विद्यापीठाचा कारभार चालतो.