देवाच्या जमिनीचे कोर्टकागद

देवळाचा इतिहास सांगताना मंडळी सनदा, शिलालेख व पाटलांचे दप्तर येथवर येतात. दिवाणी कोर्टाच्या दप्तराकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक दिवाबत्तीच्या इनाम जमिनींचे कित्येक तंटे तेथेच निवडले गेले. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा तपासल्या. पुढे १८६९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील दिवाणी न्यायालयांची घडी बसली आणि पुजारी, वहिवाटदार व गावकरी यांचे दावे तेथे उभे राहिले.

गावात आठवण उरते ती एवढीच, की निकाल देवाच्या बाजूने लागला. तेवढ्यावर कारकून कागद कसा काढणार? त्यास दाव्याचा नंबर, साल व पक्षकारांची नावे हवीत. ती पुष्कळदा तलाठ्याकडील जुन्या फेरफारात सापडतात, कारण हुकूमनाम्यावरून नोंद बदलली म्हणजे त्याचा आधार तेथे लिहावा लागतो. मग कोर्ट-फी तिकीट लावून नकलेचा अर्ज करावयाचा. प्रकरण तालुक्याहून जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेले असल्यास आणखी एक हेलपाटा! कागद मोडीत निघाला तर वाचणारा गाठणे हे निराळेच काम. शिवाय सर्व कागद कायम ठेवीत नाहीत. काही मुदतीनंतर नष्ट करतात.

पुजारी हा देवाच्या जमिनीचा मालक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील प्रकरणात २०२१ साली सांगितले. हुकूमनाम्याची शिक्क्याची नक्कल हाती आली, की सातबाऱ्यावर नाव देवाचे आहे की वहिवाटदाराचे, हे विश्वस्तांना ताडून पाहता येते.