हरलेला डाव आणि टिकलेली कल्पना

श्रोतेहो, यवतमाळच्या एखाद्या ओसरीवर पट मांडलेला असावा आणि खेळणारे जुन्या देशी वळणाचे असावेत, तर तेथें प्यादें पहिल्या खेळींतही एकच घर सरतें. विलायती पद्धतींत तें दोन घरें जाऊं शकतें. ह्या लहानशा फरकाचा पडसाद एका जुन्या डावांत ऐकूं येतो.

१८४८ सालीं कलकत्त्याचे बॅरिस्टर जॉन कॉक्रेन ह्यांच्या कानांवर खेड्यांतील एका अजिंक्य ब्राह्मणाची कीर्ति आली. महेशचंद्र बंदोपाध्याय हे त्याचें नांव. देशी खेळांत मुरलेल्या ह्या गृहस्थानें विलायती नियम आत्मसात् केले आणि दोघांत पुढें कित्येक वर्षें डाव रंगले.

त्यांतील १८५५ च्या मे महिन्यांतील डाव पाहा. पांढऱ्या सोंगट्या कॉक्रेन ह्यांच्या. त्यांनीं मध्यावर दोन प्यादीं दोन-दोन घरें रेटलीं. महेशचंद्रांनीं घोडा काढला, राजाच्या घोड्यापुढील प्यादें एकच घर सरकविलें आणि तिसऱ्या खेळीस वजिरापुढील प्यादें दोन घरें टाकून टक्कर दिली. मग मोकळ्या झालेल्या घरांत उंट बसविला. प्रतिपक्षास मध्यभाग व्यापूं द्यावा आणि दुरून तिरप्या माऱ्यानें तो खिळखिळा करावा, हा त्यांतला विचार. एक चाल देशी संयमाची, दुसरी विलायती धडाडीची!

डाव मात्र ते हरले. अठराव्या खेळीनंतर कॉक्रेन ह्यांच्या हातीं तीन खेळींत मात होती: वजिराचा बळी द्यावयाचा आणि आपल्याच सोंगट्यांनीं कोंडलेल्या राजास घोड्यानें गांठावयाचें.

पुढें १९२२ सालीं व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड ह्यांनीं हीच सुरुवात खेळून अलेखाइनसारख्या वीरास नमविलें आणि ती त्यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली. महेशचंद्रांविरुद्ध कॉक्रेन ह्यांनीं १८४८ सालीं केलेला घोड्याचा बळीही ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणून ओळखला जातो. महेशचंद्रांचें नांव मात्र कोणत्याच सुरुवातीस चिकटलें नाहीं.

तरीही तें आपणांस ठाऊक आहे, कारण ते डाव कोणी तरी टिपून ठेवले. ओसरीवरचे किती बुद्धिमान् डाव पट आवरतांच विरून गेले असतील! म्हणून श्रोतेहो, खेळल्यावर चाली लिहून ठेवा, आणि हरलेला डाव तर अगत्यानें लिहा. पराभवाच्या कागदावरही कधीं कधीं उद्यांची विद्या असते.