हातोडा, पुलर आणि एक सिनेमावाला

हट्टी पोराला वठणीवर आणायचे आपल्याकडे दोन मार्ग. एक मामाचा आणि दुसरा मास्तरांचा. मामा खिशातून लिमलेटची गोळी काढतो, मास्तर कोपऱ्यातून छडी काढतात. मोटारीच्या शाफ्टवर गंजून बसलेल्या बेअरिंगच्या नशिबी मात्र मामा नसतोच. बेअरिंग निघत नाही म्हटलं की गॅरेजातला सर्वात धाकटा पोऱ्यासुद्धा सर्वात मोठा हातोडा शोधू लागतो.

वास्तविक बेअरिंग म्हणजे काय मोठं? एक बाहेरची कडी, एक आतली कडी (गॅरेजच्या भाषेत 'रेस') आणि मधे पोलादी गोळ्या. वेल्समधल्या कार्मार्थनच्या फिलिप वॉन यांनी 1794 साली घोडागाडीच्या आसासाठी अशा गोळ्यांचं पेटंट घेतलं. पुढे 1883 साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी फ्रीडरिश फिशर यांनी गोळ्या अगदी एकसारख्या घासणारं यंत्र काढलं आणि बेअरिंगचे दिवस पालटले. चाक सुळकन फिरावं म्हणून एवढ्या लोकांनी घाम गाळला. ते बेअरिंग बाहेर काढायची पंचाईत मात्र आमच्या मेस्त्रींवर येऊन पडली.

माझ्याकडे तेव्हा पद्मिनी होती. तिचं मागचं चाक पीठगिरणीसारखं घरघरू लागलं, तेव्हा मेस्त्रींनी चाक उतरवलं, शाफ्ट बाहेर ओढला आणि बेअरिंग दाखवलं. "साहेब, हे असं निघायचं नाही." मी नकळत कोपऱ्यातल्या घणाकडे पाहिलं. मेस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. एकाच डोळ्यानं पाहिलं, कारण दुसरा त्यांना नव्हता.

तो डोळा त्यांच्या उमेदवारीच्या काळात गेला होता. दुसऱ्या एका गॅरेजात उस्तादानं छिन्नी धरली होती आणि हे घाव घालत होते. बेअरिंगचं पोलाद भलतं कडक असतं. कडक ते ठिसूळ. घाव बसला की ते वाकत नाही, कपची उडते, आणि कपचीला कुणाच्या डोळ्यात जायचं हे कळत नाही. "तवापासनं घाव घालायचा म्हटलं की आधी चष्मा," मेस्त्री म्हणाले, "आणि चष्म्याच्याही आधी पुलर."

मग गोणपाटात गुंडाळलेला पुलर बाहेर आला. दिसायला तीन पायांचा खेकडा. पाय आतल्या रेसच्या मागे अडकवायचे, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवायचा आणि पान्ह्यानं हळूहळू आवळत जायचं. सगळी ओढ सरळ रेषेत. यातली मेख अशी, की शाफ्टला घट्ट धरलेलं असतं ते आतल्या रेसनं. शाफ्टची जाडी मुद्दामच तिच्या भोकापेक्षा काही मायक्रॉन जास्त ठेवलेली असते. हातोडेवाला हाणतो बाहेरच्या रेसवर, कारण हाताशी तीच येते. म्हणजे दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला! तो घाव गोळ्यांमधून आत जातो आणि प्रत्येक गोळी रेसमध्ये एक बारीक खड्डा पाडून ठेवते. असं बेअरिंग पुन्हा बसवलं तर चाक पुन्हा घरघरणार.

या खड्ड्यांना 'ब्रिनेलिंग' म्हणतात. योहान आउगुस्ट ब्रिनेल हे स्वीडनचे भले इंजिनियर. त्यांनी 1900 साली धातूचा कडकपणा मोजण्याची रीत जगापुढे मांडली : पोलादी गोळी धातूवर दाबायची आणि खळगा किती पडला ते मोजायचं. त्यांनी खळगे पाडले ते शास्त्रासाठी. नाव मात्र चिकटलं जगभरच्या हातोडेवाल्यांच्या पराक्रमाला.

नवं बेअरिंग चढवतानाही मेस्त्री ठोकाठोकी करीत नसत. ते तेलात शंभरेक अंशांपर्यंत गरम करीत. 40 मिलिमीटरचं भोक 80 अंशांनी तापलं की साधारण 0.038 मिलिमीटरनं मोठं होतं. म्हणजे केसाच्या निम्म्या जाडीएवढं. तेवढ्यात बेअरिंग आपल्या पायांनी चालत जागेवर जातं. गॅसच्या बत्तीनं लाल केलं तर मात्र पोलादाला दिलेलं पाणीच उतरतं.

पुलरचा स्क्रू आवळून मेस्त्री बिडी ओढायला बसले. ताण देऊन वाट पाहायची, ही त्यांची पद्धत. तेवढ्यात मी त्यांना श्वाइनफुर्टची गोष्ट सांगितली.

जर्मनीची बरीचशी बेअरिंग त्या एका गावात होत, म्हणून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ठरवलं की गावच ठोकायचं. 17 ऑगस्ट 1943 ला श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर मिळून 376 बॉम्बर विमानं गेली, त्यातली 60 पडली. 14 ऑक्टोबरला पुन्हा 291 निघाली, पुन्हा 60 पडली. त्या एका दिवशी सुमारे 600 माणसं परत आली नाहीत. बहुतेक विशी-पंचविशीची पोरं. कारखान्यांची छपरं कोसळली, पण खालची यंत्रं पुष्कळशी शाबूत राहिली. जर्मनांनी ती उचलून गावोगाव पांगवली. युद्धानंतर अमेरिकेच्याच पाहणीत निघालं, की या हल्ल्यांमुळे महत्त्वाचं युद्धोत्पादन अडल्याचा पुरावा नाही.

"म्हंजी बाहेरची रेस फुटली," मेस्त्री बिडी विझवत म्हणाले, "आतली जागच्या जागी."

इतकं नेमकं मी कुठल्या ग्रंथात वाचलेलं नाही.

जर्मनीला स्वीडनहूनही बेअरिंग जात होती. तिथे 1944 साली अमेरिकेनं पाठवले स्टँटन ग्रिफिस नावाचे गृहस्थ. हे पॅरामाउंट या सिनेमा कंपनीतले बडे अधिकारी! स्टॉकहोमला बसून त्यांनी बेअरिंग कंपनीशी घासाघीस केली. गोड बोलले, दम दिला, पैसे मोजायची तयारी दाखवली, आणि जूनमध्ये माल कमी करण्याचा करार झाला. एकही विमान पडलं नाही.

सिनेमावाल्याचं ऐकून मेस्त्रींनी पहिल्यांदाच मान डोलावली. मग उठून स्क्रूच्या डोक्यावर छोट्या हातोडीनं एक टिचकी मारली. 'टक्' झालं आणि बेअरिंग सुटलं. ते त्यांनी बाहेर ताटकळणाऱ्या पोरांना गाडीच्या चाकासाठी देऊन टाकलं. पुलरला तेल लावलं आणि तो गोणपाटात गुंडाळला. शेजारचा गॅरेजवाला तेवढ्यात तो उसना मागायला आला होता. मेस्त्रींनी त्याला बिडी दिली.