काशीची कसोटी आणि पाटीपुढचे मूल

काशीस जाऊन विद्या सिद्ध करावी ही महाराष्ट्रातील विद्वानांची कित्येक शतकांची महत्त्वाकांक्षा होती. पैठणचे भट्ट घराणे तेथे स्थायिक झाले आणि त्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक केला. अशा या नगरीतील परीक्षेची कल्पना मोठी करडी होती. पंडितांच्या परंपरेत शलाकापरीक्षा म्हणून एक प्रकार असे. पोथीत शलाका खुपसावयाची. ती ज्या पानावर थांबेल त्या पानावरील विषयाचे विवेचन विद्यार्थ्याने तेथल्या तेथे करावयाचे.

परंतु ही कसोटी विद्येच्या शेवटी होती. विद्येच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या पाचसहा वर्षांच्या मुलाची परीक्षा घेण्याची रीत नव्हती. कौटिल्याने चौलकर्मानंतर लिपी व संख्या आणि उपनयनानंतर पुढील विद्या, असा क्रम घालून दिला आहे. त्यात मुलाची पारख नाही, केवळ संस्कारांचा क्रम आहे. अक्षरारंभाच्या दिवशी ताटातील तांदळांवर मुलाचे बोट धरून अक्षर गिरवून घेत. पुढे धुळपाटीवरचे वळण पंतोजी रोज पाहत असत. त्यांचा निवाडा तोंडी असे, आणि पुष्कळदा छडीचाही असे. जुन्या शिक्षणाचे गोडवे गाताना ही छडी विसरून चालत नाही. तसेच ती धुळपाटी फार थोड्या मुलांच्या, आणि मुलींच्या तर क्वचितच, वाट्याला येई हेही विसरून चालत नाही.

१७९१ साली जोनाथन डंकन याने काशीत संस्कृत पाठशाळा स्थापन केली. विद्यार्थ्यांची परीक्षा वर्षातून चार वेळा रेसिडेंटासमक्ष घ्यावी, मात्र ब्राह्मणेतरांसमोर ज्यांची चर्चा करता येत नाही असे पवित्र विषय त्यातून वगळावेत, असा तिचा नियम होता. या नियमाने परीक्षेच्या आसनाजवळ गुरूच्या शेजारी सरकार येऊन बसले. इंग्लंडात १८६२ पासून शाळेचे अनुदानच मुलांच्या वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर अवलंबून ठेवण्यात आले, आणि निकालानुसार अनुदान देण्याची ही पद्धत मुंबई इलाख्यातही आली. सहा वर्षांखालील मुले इंग्लंडात या परीक्षेतून वगळलेली होती, एवढे तारतम्य मात्र त्या कठोर व्यवस्थेनेही दाखविले होते.

याच काशीतून एक निराळा धागा निघतो. ॲनी बेझंट यांनी १८९८ साली तेथे सेंट्रल हिंदू कॉलेज स्थापन केले. जॉर्ज अरुंडेल या तरुण इंग्रजाने तेथे अध्यापन केले व पुढे ते त्याचे प्राचार्य झाले. हेच अरुंडेल १९३४ साली थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्याच निमंत्रणावरून १९३९ साली मारिया माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. वर्ग घ्यावे आणि परत जावे असा बेत होता. पण १९४० साली इटली युद्धात उतरला आणि शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून या वृद्ध विदुषीवर बंधने आली. युद्धाने त्यांना येथे अडकवून ठेवले, आणि हिंदुस्थानातील बालशिक्षणाचा त्यात लाभच झाला.

माँटेसरींच्या पद्धतीत मुलाची पारख कशी होते, हे दट्ट्यांच्या ठोकळ्यावरून चांगले कळते. लाकडी ठोकळ्यात दहा खळगे, आणि त्यांत बसणारे लहानमोठे दहा दट्टे. एक जरी चुकीच्या खळग्यात गेला, तरी शेवटी एक दट्ट्या जागेवाचून उरतो. चूक शिक्षिकेने सांगावी लागत नाही, लाकूडच सांगते. तीन वर्षांच्या एका मुलीने हा खेळ चाळीसहून अधिक वेळा अखंड केला आणि भोवतालच्या गलबल्याकडे मान वळवूनही पाहिले नाही, असे माँटेसरींनी नोंदविले आहे. गुण द्यावयाचे तर या मुलीस कोणत्या रकान्यात द्यावेत? दट्टे तर तिने पहिल्या काही खेपांतच बरोबर बसविले असतील. पाहण्यासारखे जे होते ते त्यानंतरचे.

ताराबाई मोडक यांनी ही दृष्टी गिजुभाई बधेका यांच्या सहवासात भावनगरला आत्मसात केली. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या आणि १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. वारली पाड्यांत परदेशी साहित्य कोठून आणावयाचे? बिया, शिंपले, खडे, पाने हेच साहित्य झाले, आणि मूल शाळेत येईना तेव्हा शाळाच त्याच्या अंगणात गेली. रानातले प्रत्येक झाड ओळखणारे मूल शहरी प्रश्नपत्रिकेपुढे बसविले तर ते मंद ठरेल, आणि तो दोष प्रश्नपत्रिकेचा असेल.

निरीक्षणाचाही अतिरेक होतो, हे इंग्लंडने पुढे अनुभवले. तेथे २००३ पासून पाच वर्षांच्या प्रत्येक मुलाचे ११७ मुद्द्यांवर टिपण ठेवीत. शिक्षिका मुलांपेक्षा कागदांकडेच अधिक पाहू लागल्या, अशी ओरड झाली, आणि २०१२ साली ते १७ उद्दिष्टांवर आणण्यात आले.

भारतात रोग वेगळा होता. मूल नीट बोलू लागण्यापूर्वीच त्याच्या मुलाखती होऊ लागल्या. १९९३ साली यशपाल समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या चाचण्यांवर स्पष्ट शब्दांत आक्षेप घेतला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावण्यास मनाई केली. पहिल्या भंगास २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक भंगास ५०,००० रुपयांपर्यंत दंड ठेवला. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी लेखी परीक्षेपेक्षा निरीक्षण आणि मुलांनी केलेल्या कामाचा अभ्यास यांना पसंती दिली.

आता हे निरीक्षण करावयाचे कोणी? काशीच्या गल्लीत काय किंवा डहाणूच्या पाड्यावर काय, पोषण, लसीकरण, वजन आणि उपस्थिती यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या अंगणवाडी सेविकेनेच. एखाद्या मुलीने दट्ट्या हातात घेऊन तो कसा फिरवून पाहिला, हे टिपावयाचे तर तिला त्या मुलीशेजारी दहा मिनिटे स्वस्थ बसता आले पाहिजे.