नौकाबांधणीतील आसंजके
नौकाबांधणीतील आसंजके : नौकेची नाळ, फासळ्या, तुळ्या यांसारखे बाकदार भाग लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून घडविताना वापरावयाचे पदार्थ. लाकडी नौकांच्या इतिहासात ही रीत अगदी अलीकडची होय. तत्पूर्वी अंगचाच बाक असलेले लाकूड जंगलात हुडकावे लागे.

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्याच्या पश्चिमेस सुरगाणा व त्यापलीकडे डांग हा सागवानी मुलूख आहे. डांगची जंगले इंग्रजांनी १८४२ मध्ये भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली, ती मुख्यतः जहाजांच्या सागासाठी. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेल्या सागवानी जहाजांत आसंजकाला जवळजवळ स्थान नव्हते. फळ्यांच्या कडा खाचा पाडून एकमेकींत बसवीत, मधे कापूस आणि राळ व तेल यांचे मिश्रण भरीत व खिळ्यांनी आवळीत. १८१७ मध्ये तयार झालेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप तरंगत आहे. सुतारांचा हाडा-कातड्यांचा सरस येथे निरुपयोगी होता, कारण पाण्याने तो मऊ पडतो.

मोठे बाकदार लाकूड दुर्मिळ झाल्यावर पट्ट्यांची रीत पुढे आली. दुधातील केसीन व चुना यांचे आसंजक सरसापेक्षा पाण्यात अधिक टिके, पण दमट हवेत त्यावर बुरशी चढे. त्याची जागा यूरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनाने घेतली. भारतीय हवामानाची कसोटी किती कठोर असते, हे १९४४ मध्ये लाकडी ‘मॉस्किटो’ विमानांनी दाखविले. पंखांचे सांधे सुटल्यामुळे येथील विमानांची उड्डाणे थांबवून तपासणी करावी लागली. चौकशीत केवळ आसंजक नव्हे, तर सांध्यांची सदोष जुळणीही कारणीभूत ठरली. नौका बांधणाऱ्यांनीही हा धडा ध्यानात ठेवावा असा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आलेले रिसॉर्सिनॉल-फॉर्माल्डिहाइड हे उकळत्या पाण्यासही दाद देत नाही आणि साध्या तापमानात घट्ट होते. अमेरिकी आरमाराच्या लाकडी सुरुंगनिवारक नौकांत ते मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. मात्र त्याला तंतोतंत बसणारा सांधा व शिकंज्यांचा भक्कम दाब लागतो. फट राहिल्यास जोड कच्चा राहतो. सांध्यावर त्याची काळपट तांबडी रेघ दिसते. नंतरच्या इपॉक्सी रेझिनाला दाब थोडा पुरतो व ते फटही भरून काढते, म्हणून लहान कारखान्यात तेच सोयीचे. पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे सुतारकामातील पांढरे आसंजक स्वस्त असले, तरी पाण्याने मऊ होते आणि सततच्या भाराखाली सरकते.

सागाची अडचण निराळीच. ज्या तेलकट द्रव्यांमुळे तो पाण्यात टिकतो, त्यांमुळेच आसंजक त्याला नीट धरत नाही. म्हणून पट्ट्यांवर ताजा रंधा मारून, पृष्ठभाग विद्रावकाने पुसून, तेल पुन्हा वर येण्यापूर्वीच त्या जोडाव्या लागतात. साधे इपॉक्सी तीव्र उष्णतेत नरम पडते. त्यामुळे उन्हात तापणाऱ्या, गडद रंगाच्या भागांसाठी रिसॉर्सिनॉल अधिक भरवशाचे.